आकृतीतला चौदावा आकडा

कॉलेजात तिला सगळे तराजू म्हणत. साधं पेन घ्यायचं तरी दुकानदाराला दोन पेनं काढायला लावायची, दोन्हींनी सही करून बघायची आणि 'उद्या येते' म्हणून निघून यायची. त्यामुळे पेटंटच्या अपिलांच्या सरकारी कोर्टातून लॉ क्लार्कच्या नेमणुकीचं पत्र आलं, आणि त्याच आठवड्यात सीनियरनी बोलावून "आता ज्युनियरपणा पुरे, माझ्या पाटीवर तुझंही नाव लावू" असं सांगितलं, तेव्हा तिची काय गत झाली असेल ते वेगळं सांगायला नको. पंधरा दिवस वहीत दोन रकाने आखलेले होते. डावीकडे नोकरी, उजवीकडे प्रॅक्टिस. आज संध्याकाळी पाचपर्यंत कोर्टाला कळवायचं होतं, नाहीतर नेमणूक यादीतल्या दुसऱ्या नंबरकडे जाणार होती.

दुसरा नंबर तिच्या जिवलग मैत्रिणीचाच होता. तिला सगळे गडबड म्हणत. गडबड हुशार होती, पण न्यायाधीशांसमोर उभी राहिली की तिच्या तोंडाला कोरड पडायची. बसून वाचायचं, न्यायाधीशांसाठी टिपणं काढायची, असली नोकरी म्हणजे तिच्यासाठी जीवदान होतं. "तू प्रॅक्टिस घे गं," ती रोज फोनवर म्हणायची, आणि लगेच, "पण माझ्यासाठी नको हं घेऊस!"

उजवा रकाना भरून वाहत होता. डावीकडे एकच ओळ होती: 'साडेपाचला घरी. अण्णांना घरी आणता येईल.'

अण्णा म्हणजे तिचे वडील. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई आधीच गेलेली, आणि ही रात्री नऊपर्यंत सीनियरच्या ऑफिसात. शेवटी त्यांना शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. तिथे ते चाकाच्या खुर्चीत बसून दिवसभर रडत. आवाज नाही, काही नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. डॉक्टर म्हणाले, मेंदूचंच आहे, असं होतं कधीकधी. तिला ते बघवत नसे.

गंमत म्हणजे तिच्या जन्माआधी अण्णांनीही याच कोर्टात हीच नोकरी केली होती. जेमतेम वर्षभर. मग मध्येच सोडली आणि जन्मभर प्रॅक्टिस केली. का सोडली, ते कधी कोणाला सांगितलं नाही. नेमणुकीचं पत्र तिने त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की खुर्ची करकरली. तिने घरी येऊन उजव्या रकान्यात लिहिलं: 'अण्णांना पसंत नाही.'

तर, निदान जागा तरी बघून घ्यावी म्हणून दुपारी तीनला ती कोर्टात गेली.

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई तिला तळमजल्यावरच्या लांब बोळाच्या टोकाशी घेऊन गेल्या. दार उघडताच जुन्या कागदांचा आणि ओल्या डिंकाचा वास आला.

"ही खोली कित्येक वर्षं अडगळीची होती," बाई म्हणाल्या. "वर जागा उरली नाही म्हणून साफ केली. टेबल जुनंच आहे. खुर्ची मात्र कपाटावर होती, उलटी करून ठेवलेली. सुतळीने अशी काही आवळली होती की सुरीने कापावी लागली."

"चांगल्या खुर्चीला बांधून कशाला ठेवायचं?"

"देव जाणे. बसा की, तुमचीच आहे आता."

बाई गेल्या. टेबलाचं तोंड दाराकडे होतं. मागे फायलींच्या मांडण्यांपर्यंत आठ-दहा पावलं मोकळी फरशी. ती बसली आणि तिला पहिल्यांदा जाणवलं की पाठीमागे एवढी रिकामी जागा ठेवून आपण आजवर कधी बसलोच नाही. त्यांच्या घरात प्रत्येक खुर्ची भिंतीला टेकलेली असे. हॉटेलात गेले तरी अण्णा भिंतीकडचं टेबल रिकामं होईपर्यंत उभे राहत. "भिंत पडेल म्हणून धरून बसता का?" असं म्हणून आई त्यांची थट्टा करायची. अण्णाही हसायचे, पण उठायचे नाहीत.

बोळातल्या घड्याळात सव्वातीन झाले होते. टेबलाचा खण अर्ध्यावर अडकत होता. तिने आत हात घातला, तर मागच्या फटीत कागद दुमडून बसवलेले. ओढून काढले. पिवळे पडलेले तीन कागद, आणि अक्षर अण्णांचं.

पेटंटचा अर्ज असावा तसं सगळं लिहिलं होतं. पहिल्या कागदावर आकृती होती. हीच खोली, हेच टेबल, हीच खुर्ची, खुर्चीत चष्मा लावलेला एक तरुण माणूस. प्रत्येक वस्तूला रेघ ओढून आकडा दिलेला. दुसऱ्या कागदावर आकड्यांचा खुलासा. १ टेबल, २ दिवा, ३ खुर्ची, असं करत करत ९ भिंत, आणि १३ खुर्चीत बसलेली व्यक्ती. पुढे '१४ म्हणजे' एवढंच होतं. त्यापुढचा मजकूर इतक्या वेळा खोडून पुन्हा लिहिला होता की कागद विरून आरपार उजेड दिसत होता.

तिने परत आकृती बघितली. चौदाची रेघ खुर्चीच्या मागे, मोकळ्या जागेत जाऊन थांबली होती. तिथे काहीच काढलेलं नव्हतं.

पहिल्यांदा तिच्यातली वकीलच जागी झाली. आकृतीत आकडा आहे आणि खुलासा नाही, म्हणजे अर्ज परत येणार. लहानपणी अण्णांनीच शिकवलं होतं, जे सांगता येत नाही त्याला आकडा देऊ नये. तिला हसूच आलं. हसत तिने पान उलटलं.

तिच्या मागे कोणीतरी पान उलटलं.

तिचा हात तसाच राहिला. मांडणीतली एखादी फाईल घसरली असेल, तिने मनाशी म्हटलं. मग मुद्दाम, अगदी सावकाश, तिने ते पान परत मागे घेतलं. मागेही पान परत आलं, तितक्याच सावकाश. डिंकाचा वास आता मानेपाशी येत होता.

"बाई...?"

बाईंची पावलं समोर, बोळात, लांब वाजत होती. ती मागे वळली नाही. वळून काही दिसणार नाही याची तिला खात्री होती, आणि तरीही मान वळेना. समोर तिसरा कागद होता, तो वाचण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अर्जाच्या शेवटी दावे असतात, आपल्या शोधाबद्दल आपण छातीठोकपणे काय म्हणतो ते एकेका वाक्यात. अण्णांनी तीन दावे लिहिले होते.

'दावा १: खुर्ची (३) भिंतीला (९) टेकवून ठेवल्यास (१४) ला उभं राहायला जागा उरत नाही. हे कुठल्याही खुर्चीला लागू.'

'दावा २: (१३) ने नोकरी सोडली तरी (१४) सुटत नाही. तो बरोबर येतो.'

'दावा ३: याच खुर्चीत (३) दुसरी व्यक्ती बसल्यास (१४) पहिल्या व्यक्तीला सोडून'

तिसरा दावा पुरा नव्हता. त्यावर इतक्या जोराने काट मारली होती की कागद फाटला होता. बाजूला बारीक अक्षरात: 'हा दावा मागे घेत आहे. तपासून बघणार नाही.'

ती उठली ती थेट रस्त्यावर आली. शुश्रूषागृह फार लांब नव्हतं, पण तिला बराच वेळ लागला. दर चौकात ती दिव्याच्या खांबाला पाठ लावून थांबत होती, आणि माणसं वळून बघत होती.

दारातच तिथल्या मावशी भेटल्या. मावशींचा चेहरा खुलला होता. "अहो, कधीची वाट बघतेय तुमची! अण्णा रडायचे थांबले."

"कधी?"

"सव्वातीनला. एकदम गप्प झाले. मी घाबरून नाडी बघितली, तर काय, हसत होते!"

"कुठे होते ते...?"

"इथेच की. हॉलच्या मधोमध, पंख्याखाली. तुम्हीच सांगितलं होतंत ना, त्यांना उकडतं म्हणून."

हो, तिनेच सांगितलं होतं. वर्षभर. चारी बाजूंनी मोकळ्या जागेत. एका हाताने खुर्ची ढकलत भिंतीपर्यंत जाणं त्यांना शक्य नव्हतं आणि सांगायला वाचा नव्हती. ती रोज रात्री येऊन त्यांचे डोळे पुसायची, पंखा वाढवायची, आणि त्यांना तिथेच ठेवून घरी जायची. तिला स्वतःची इतकी घृणा वाटली की तिने दाराची चौकट धरली.

अण्णा पंख्याखाली बसले होते. चेहरा निवळलेला, झोपून उठलेल्या मुलासारखा. तिला पाहून ते अर्ध्या तोंडाने हसले. मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली आणि हसू तसंच विझलं.

"अ... अ..."

"अण्णा, मला माहीत नव्हतं हो. मी नुसतं बसून बघितलं."

त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. तीस वर्षं या माणसाने ते एकट्याने वागवलं. सुटका समोर दिसत असताना खुर्ची सुतळीने बांधून टाकली, का, तर कोणा परक्याच्या पोराला त्रास नको. आणि शेवटी तिच्यात येऊन बसली ती त्यांचीच पोरगी.

पावणेपाचला फोन वाजला. गडबड होती.

"तराजू, ठरलं का गं? मी कोर्टाच्या दारातच उभी आहे. तू नाही म्हणालीस ना, की लगेच आत जाते. नुसती एकदा क्लार्कच्या खुर्चीत बसून बघते. बोल ना!"

इतकं सोपं वजन तिला आयुष्यात कधी करावं लागलं नव्हतं. एका पारड्यात सगळं होतं. प्रॅक्टिस, पाटीवर नाव, मोकळी पाठ. 'तूच घे नोकरी' म्हणायचं, मैत्रीण आनंदाने उड्या मारणार, उलट आभार मानणार. कोणाला काही कळणारही नव्हतं.

तिने अण्णांकडे बघितलं. फोनमधला आवाज त्यांना ऐकू जात होता. त्यांनी तिच्याकडे बघत मान हलवली. होकाराची. एकदा, दोनदा, घाईघाईने. स्वतःसाठी जे त्यांनी तीस वर्षं केलं नाही, ते तिने करावं म्हणून ते विनवत होते. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले होते. त्या क्षणी तिला कळलं की आपण यांना आज खरोखरच मोडलं.

"हॅलो? तराजू?"

"मी नोकरी घेतेय," ती म्हणाली. "तू प्रॅक्टिस कर. आणि त्या खोलीत... माझ्या खोलीत येऊ नकोस. कधीच."

पलीकडे कोर्टाच्या पायऱ्या उतरणारी पावलं वाजली. मग "अभिनंदन," आणि फोन बंद. ती मैत्रीण गेली, हे तिला तेव्हाच समजलं. तिने कोर्टाला होकार कळवला. उद्या सकाळी पहिलं काम, सुतळीचं बंडल.

"रोज साडेपाचला घरी येणार मी," ती अण्णांना म्हणाली. "उद्याच तुम्हाला घरी नेते."

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. मावशींनी त्यांची खुर्ची जराशी सरकवून पुन्हा पंख्याखाली आणली. आता त्यांना कुठेही ठेवलं तरी चालणार होतं.

तिने कोपऱ्यातली एक लाकडी खुर्ची उचलली, भिंतीपर्यंत नेली आणि पाठ भिंतीवर आपटेपर्यंत मागे दाबली. गिलाव्याचा थोडा चुरा खाली पडला. हात घालून बघितला. बोटही जाईना. पहिला दावा तरी अण्णांनी तपासून लिहिला होता. मग ती बसली, डोळे मिटले आणि सावकाश मागे टेकायला गेली.

खुर्ची भिंतीला टेकली होती. तिची पाठ काही केल्या खुर्चीला टेकत नव्हती.