तीन नंबरचं बिस्किट

"तो पुडा नको… मागचा घ्या. आजच भरलाय."

मी वळले. भुवईवर पिठाची पांढरी रेघ घेऊन तो उभा होता. सुपरमार्केट स्वतःच्या नावाने विकतं ती बिस्किटं बनवणारा बेकर.

"आपल्याच मालाला नावं ठेवता?"

"नावं कुठे? तुम्हाला ताजं मिळावं, एवढंच."

मग रोज चारला कॉफी सुरू झाली. मी ग्राहकांच्या मासिकात आहे, हे त्याला ठाऊक होतं. पुढच्या अंकात नामांकित कंपन्यांच्या बिस्किटांशी त्याच्या बिस्किटांची तुलना आहे, हे मात्र मी बोलले नाही. आज सांगू, उद्या सांगू… आणि त्याने हसून पाहिलं की राहूनच जायचं.

चाचणीच्या दिवशी आम्ही पाच जण होतो. बशांवर फक्त नंबर. तीन नंबरचं बिस्किट जिभेवर पिठूळ लागलं. मी तसंच लिहिलं. सगळ्यात कमी गुण मीच दिले. मग नावं उघडली: तीन नंबर त्याचं होतं.

घरी ताईने विचारलं, "तोंड का उतरलंय?"

सगळं ऐकून ती म्हणाली, "छापून यायच्या आत सांग. वाचून कळलं, तर तो तुझं तोंडही बघणार नाही."

दुसऱ्या दिवशी कॉफीचा कप मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी एका दमात सांगून टाकलं. त्याने आपला कप बाजूला सरकवला. आता उठून जाणार, मला खात्रीच वाटली.

"पिठूळ लिहिलंत?"

"हो."

"बरोबर लिहिलंत. वरून हुकूम आला, लोणी कमी करा. मी दोन महिने भांडतोय — कुणी ऐकत नाही. छापा. निदान तुमचं तरी ऐकतील."

"आणि नोकरी? तुमच्यावरच ढकललं तर?"

"ढकलतील कदाचित. भीती वाटतेच की." तो थांबला. माझ्या हातातला कप त्याने अलगद काढून टेबलावर ठेवला. बोटं मात्र सोडली नाहीत. "पण… तू का एवढी घाबरलीस?"

तू. पहिल्यांदाच.

मी मान वर केली.

"तू परत आला नसतास, तर मला करमलं नसतं… म्हणून."