उशिरा आलेली तडतड

वामनराव केळुसकरांना आलेली बहुतेक पत्रं ते विसरून गेले होते. उत्तर न दिलेलं एक पत्र मात्र त्यांना पाठ होतं. ते एका मुलीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं. अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळी उतरणीला लागलेल्या. ते एक पान लिहिताना तिला किती कष्ट पडले असतील, हे पाहताक्षणी कळत होतं.

'आजोबा, तुमचा चालक्या घालून मी रोज मैदानाला फेरी मारते. छान चालते असं सगळे म्हणतात. पण पूर्वी मी पलंगाची कड धरून उभी राहायचे आणि माझी मी चाकाच्या खुर्चीत बसायचे. आता चालक्या काढला की उभंच राहता येत नाही. रोज चालूनही माझे पाय कमी कसे झाले? कळवा. – शर्वाणी लोंढे, इयत्ता सहावी.'

चालक्या हे मुलांनी ठेवलेलं नाव. खरं तर ते बाह्यकंकाल होतं (अंगावर बाहेरून चढवायचा यांत्रिक सांगाडा). कमरेला आणि गुडघ्यांना छोट्या मोटारी, मांड्यांना पट्टे. वामनरावांनी निवृत्तीच्या आधी ते बनवलं आणि राज्यातल्या विशेष शाळांना दिलं. ज्या मुलांना चालता येत नव्हतं ती चालू लागली. वामनरावांचे सत्कार झाले. सत्कारात ते खाली मान घालून बसले आणि घरी येऊन पुस्तकात तोंड खुपसून राहिले.

शर्वाणीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत नव्हतं. त्यांनी चार ओळी लिहिल्या, फाडल्या, पुन्हा लिहिल्या, पुन्हा फाडल्या. आपण नक्की काय केलं आहे, ही शंका त्यांना कागदावर उतरवता येईना. पत्र एका जाड पुस्तकात खुणेसाठी राहिलं. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला.

मग शर्वाणीच्या शाळेतून फरीदा मॅडमचा फोन आला. त्या तिथल्या मुलांच्या व्यायामोपचार तज्ज्ञ (व्यायामानं स्नायूंवर उपचार करणाऱ्या). त्यांनी सांगितलं, की शर्वाणीला पुढच्या वर्षी शहरातल्या मोठ्या शाळेत जायचं आहे. तिथल्या वसतिगृहाची एकच अट आहे, पलंगावरून खुर्चीत आपलं आपण बसता आलं पाहिजे. ते तिला पूर्वी यायचं, आता येत नाही. आणि ती रोज टपालाची चौकशी करते.

वामनराव दुसऱ्याच दिवशी निघाले.

तापीकाठच्या त्या गावात चालकाविना धावणाऱ्या बसनं त्यांना शाळेच्या फाटकात सोडलं. शर्वाणी व्हरांड्यात खुर्चीत बसली होती. बारीक चणीची, तीक्ष्ण डोळ्यांची. तिचं बोलणं सावकाश यायचं, पण एक शब्द वाया जात नसे.

"तुम्हाला वाचता येतं ना?" तिनं विचारलं. "मला वाटलं, फक्त यंत्रंच बनवता येतात."

वामनराव पुटपुटले, की बस कुठून कशी आली तेही त्यांना कळलं नाही, ते आपले पुस्तक वाचत बसले होते. परत चालत जायचं म्हटलं तर रस्ता विचारावा लागेल. शर्वाणी हसली नाही.

जेवणाच्या वेळी त्यांना तिच्याशेजारी बसवलं. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यानं शर्वाणीचा स्नायूंवरचा ताबा कमी होता. चमचा तिच्या हातात नुसताच थरथरत होता. वामनरावांना पाहवेना. त्यांनी चमचा उचलून तिच्या तोंडाशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटले.

"आजोबा नवीन आहेत," समोरचा एक मुलगा म्हणाला आणि पंगत हसली.

फरीदा मॅडमनी त्यांना शाळेची रीत सांगितली. वरणभात निवला तरी चालतो, पण घास तोंडापर्यंत न्यायचा नाही. मुलाच्या कोपराखाली आपला तळवा धरायचा आणि थांबायचं. हात उचलायचा नाही, फक्त पडू द्यायचा नाही.

वामनरावांनी तळवा धरला. काहीच होईना. त्यांना अवघडल्यासारखं झालं, कपाळावर घाम आला. आणि मग, त्यांनी आशा सोडल्यावर, कोपर त्यांच्या तळव्यावरून आपलं आपण वर गेलं.

त्या क्षणी त्यांना उमगलं. हिला हात हलवावासा वाटणं आणि हात हलणं यांत एवढं अंतर होतं. चालक्या तर थांबतच नव्हता.

दुपारी त्यांनी चालक्या मागवला. पट्ट्यांत संवेदक होते (स्नायूंतली अगदी सूक्ष्म वीज टिपणारी साधनं). स्नायूला मेंदूचा हुकूम पोचला की ही वीज निर्माण होते. वामनरावांनी संवेदकाला एक छोटा ध्वनिवर्धक जोडला आणि आधी तो फरीदा मॅडमच्या हाताला लावला. त्यांनी मूठ वळली, तशी कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी तडतड ऐकू आली. मुलं खूश झाली.

मग शर्वाणीला चालक्या चढवला. मोटारींची घरघर झाली, पाय उचलला गेला, ऐटीत पुढे पडला. आणि तो पडून गेल्यावर, मागून, बारीक आवाज आला. तड. तडतड.

पुढच्या पावलाला तेच. आधी घरघर, मग तडतड.

"हे कोण बोलतंय?" शर्वाणीनं विचारलं.

"तुझे पाय."

ती बराच वेळ ऐकत राहिली. "रोज बोलत होते?"

"हो."

"मग तुम्हाला कसं नाही ऐकू आलं?"

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. चालक्या बनवताना त्यांनी मोजमापं घेतली होती ती आपल्या वसाहतीत हुंदडणाऱ्या मुलांची. त्या मुलांच्या स्नायूंचा संकेत नेहमी हालचालीच्या आधी यायचा. म्हणून वामनरावांनी यंत्रात गाळणी घातली (नको ते संकेत वगळणारी सूचना), की मोटार सुरू झाल्यावर जे येईल ती कापड घासल्याची खरखर समजायची; आणि संकेत आला नाही तरी मोटार ठरल्या वेळी पाय उचलायचीच.

"मी ते कचरा म्हणून टाकून देत होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी जमिनीवर बसून तिला सांगितलं. मेंदू पायाला निरोप पाठवतो, की उचल. पाय हलला की मेंदूकडे उलट बातमी जाते, की इतका हलला, असा वाकडा पडला. ती बातमी ऐकून मेंदू पुढचा निरोप जरा सुधारून पाठवतो. शिकणं म्हणतात ते हेच. शर्वाणीचा निरोप उशिरा पोचायचा. तोवर चालक्यानं पाय उचललेला असायचा. निरोपाला काम उरलं नाही, स्नायूंना श्रम उरले नाहीत, आणि चूकच होत नसल्यानं मेंदूला सुधारायला काही उरलं नाही. बिनकामाचे स्नायू हळूहळू रोडावले.

शर्वाणीनं विचार केला. "म्हणजे मी तुमच्यासारखीच बसमध्ये बसले होते. फेरी झाली, पण रस्ता नाही कळला."

यापेक्षा नीट त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी गाळणी काढली. मोटारीला नवी सूचना दिली, की तडतड होईपर्यंत थांब, मग कमी पडेल तेवढाच जोर लाव, आणि पडू मात्र देऊ नकोस. मैदानाला फेरी मारणारी शर्वाणी आता खोलीची भिंतही गाठेना. पाय फरफटायचा, वाकडा पडायचा. तिनं फरीदा मॅडमना सांगितलं, की तिला जुना चालक्याच हवा. सकाळी मात्र पट्टे मागायला तिनं आपणहून हात पुढे केले.

वसतिगृहाच्या चाचणीचा दिवस आला. शर्वाणीनं पलंगाची कड धरली, दात आवळले आणि ती पुन्हा पलंगावर बसली. तिची जागा दुसऱ्या मुलीला गेली. वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं, की पुढच्या वर्षी पुन्हा बघू.

वामनराव भेटायला आले तेव्हा ती खिडकीबाहेर केळीची बाग बघत होती.

"पत्राचं उत्तर लवकर आलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. "तर कदाचित जमलं असतं," ते म्हणाले.

तिनं खिडकीकडून मान वळवली. मग म्हणाली, "आता लिहा."

"आता काय लिहू? तुला सगळं ठाऊकच आहे."

"उशिरा आलं म्हणजे कचरा असतो का?"

घरी आल्यावर वामनराव लिहायला बसले. पहिली ओळ भिकार वाटली, दुसरी त्याहून. त्यांनी कागद फाडला नाही. पाय कमी का झाले ते त्यांनी लिहिलं. सगळ्या शाळांतल्या चालक्यांना आता थांबायला शिकवतो आहे, हेही लिहिलं. ते लिहीत असतानाच फरीदा मॅडमचा निरोप आला, की आज सकाळी शर्वाणी चालक्याशिवाय कड धरून उभी राहिली. खुर्चीपर्यंत नाही पोचली. पण उभी राहिली. मग त्यांनी शेवटची ओळ लिहिली: 'पुढच्या वर्षीच्या चाचणीला मी दाराबाहेर बसेन. आत येऊन हात देणार नाही.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सरकवलं. ते तोंडाशीच अडकलं. बोटानं ढकलावं म्हणून त्यांनी हात उचलला, आणि तसाच मागे घेतला. ते थांबले. जरा वेळानं आत पाकीट पडल्याचा आवाज आला.