मागची खिडकी मी लावली होती

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर मध्यरात्र घेतली असती, पाऊस घेतला असता, एखादं बंद घर घेतलं असतं.

माझ्याकडे यातलं काहीच नाही. रविवार होता. दुपारचे सव्वातीन. लख्ख ऊन. आणि चाळीस किलोमीटरचा सरळ रस्ता, ज्यावरून मी अकरा वर्षं ये-जा करतोय.

रात्र नाही म्हणून कुणाला वाचायचं नसेल तर त्याने इथेच थांबावं. मला राग येणार नाही. घरात हे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी मोबाईल टॉवरची दुरुस्ती करतो. कमरेला पट्टा, पट्ट्याला हुक, आणि खाली दीडशे फूट मोकळी हवा. हुक दोनदा ओढून बघितल्याशिवाय मी पाय उचलत नाही. घरी गॅसही दोनदा बघतो. बायको हसते.

हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे तुम्हीही म्हणाल, की विसरला असेल.

टॉवर असतात टेकड्यांवर. रस्ते नावालाच. म्हणून मी जुनी जीप घेतली, कापडी हूडची. विकणारे काका रोपवाटिका चालवायचे. एकटेच राहायचे. हात थरथरायला लागले म्हणून गाडी काढत होते. किल्ली देताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"दारांना कुलूप लावू नकोस. चोर दार उघडेल, आत काही नाही बघेल, निघून जाईल. कुलूप दिसलं तर तो हूड फाडेल."

शहाणपणाची गोष्ट होती. मी पाळली.

कापडी हूडच्या गाडीबरोबर राहणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. थंडीत कापड आखडतं. मग सकाळी नवराबायकोने दोन बाजूंनी ओढायचं, तेव्हा कुठे टिचबटणं लागतात. खिडक्या प्लास्टिकच्या, चेन लावून बंद करायच्या. वर्षभरात त्या दुधाळ होतात. गाडी पळायला लागली की हूड असं फडफडतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

"बरंय," बायको म्हणायची. "माझ्या या सवतीमुळे तुमचं बोलणं तरी ऐकावं लागत नाही."

पहिले दोन महिने मजेत गेले.

मग एकदा टेकडी चढताना सहज आरशात बघितलं...

मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

एरवी त्या दुधाळ प्लास्टिकमधून मागचं सगळं पुसट दिसायचं. आता मात्र रस्त्यावरचा दगडन्‌दगड दिसत होता.

मागची खिडकी सताड उघडी होती. प्लास्टिक आत लोंबत होतं.

मी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. हूड शांत झालं. आणि त्या शांततेत... अगदी हळू...

चर्रर्र.

मान वळवून बघितलं. मागच्या सीटजवळची डावी खिडकी वीतभर उघडली होती. चेनची पट्टी अजून हलत होती.

गाडीत मी एकटा होतो.

जुनी चेन, खडबडीत रस्ता. मी स्वतःलाच समजावलं. दोन्ही लावल्या, टॉवरवर चढलो, काम केलं. उतरलो तर दोन्ही लावलेल्याच होत्या. विषय संपला.

संपला नाही. आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. आधी मागची, मग डावी. डावीचा आवाज मी चार-पाचदा ऐकला. मागचीचा मात्र कधीच नाही. ती बघावी तेव्हा उघडलेलीच असायची.

आणि ज्या दिवशी ती उघडायची, त्या दिवशी माझं डोकं दुखायचं.

हूड शिवणाऱ्या कुशनवाल्याकडे गेलो. त्याने मागची खिडकी बोटांनी चाचपली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही चूक माझीच.

"ही शिवून टाकली होती कुणीतरी. ही बघ सुईची भोकं, चारी बाजूंनी. मग उसवलीय."

"का शिवली असेल?"

"मला काय विचारतोस? पण शिवली असेल तर अक्कल होती त्याला. मागची एकटी उघडी राहिली की पळती गाडी मागची हवा आत ओढते. सायलेन्सरचा धूर आत. वाससुद्धा धड येत नाही. नुसती झोप येते माणसाला."

त्याने नवीन चेन बसवली. वर सात टिचबटणं ठोकली. "आता तुझ्या बापालाही उघडणार नाही," म्हणाला.

महिनाभर काही झालं नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन बहिणीच्या गावी झालं. तिला घरी आणायचं होतं. बायको म्हणाली, चांगली टॅक्सी करा, त्या खटाऱ्यात नको. ती दवाखान्यात नर्स आहे, तिचं ऐकायला हवं होतं. पण माझा स्वभाव आडमुठा. माझी गाडी असताना टॅक्सी कशाला?

आईचा पाय सरळ ठेवायचा होता, म्हणून तिला मागच्या सीटवर उशांना टेकवून बसवलं. वॉकर आणि सामान पुढच्या दोन सीटच्या मध्ये उभं बांधलं. आरसा पूर्ण झाकला गेला. झाकू दे म्हटलं, सरळ रस्ता आहे.

निघायच्या आधी मागची खिडकी मी लावली. चेन टोकापर्यंत ओढली. सातही बटणं दाबली. एकेक ओढून बघितलं.

दोनदा.

पाच मिनिटांत आई खोकायला लागली. डावी खिडकी वीतभर उघडली होती. धूळ थेट तिच्या तोंडावर.

"काय ही धूळ रे," आई म्हणाली. "लाव बघू ती खिडकी, नाकातोंडात जातेय."

मी उतरलो. चेन ओढली आणि पट्टीतून तार घालून ती पिळून टाकली. आता कशी उघडतेस बघू, असं खरंच मोठ्याने म्हणालो.



माझी पुढची खिडकी अर्धी उघडी होती, वारा थेट माझ्या तोंडावर येत होता. मी गाडी पळवत होतो. हूड फडफडत होतं. आई झोपली असेल असं वाटलं.

अर्ध्याहून जास्त वाट सरल्यावर त्या फडफडाटातून दुसराच एक आवाज यायला लागला...

टक... टक... टक...

धातूवर धातू. डावीकडून. कुणीतरी तारेशी झटत असल्यासारखा.

वॉकर हलत असेल म्हणून मी गाडी थांबवली नाही.

आवाज वाढला. घाईघाईने. मग एकदम बंद झाला.

दहा मिनिटांनी घर आलं. बायको फाटकात उभी होती. मी हाक मारली, "आई, आलं बघ घर."

आई उठली नाही.

बायकोने मागचं दार उघडलं, आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि किंचाळली, "बाहेर काढा आधी! उचला!" आईचे गाल लालबुंद झाले होते, आणि हात कापसासारखे सैल. आम्ही तिला अंगणात आडवं केलं. बायकोने फोन करून दवाखान्यातून ऑक्सिजन मागवला. तो येईपर्यंतची वीस मिनिटं मी काय करत होतो, मला आठवत नाही.

आई वाचली. आणखी पाच-दहा मिनिटं लागली असती तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

रात्री बायको म्हणाली, "मागची खिडकी उघडी होती."

"मी लावली होती."

"सताड उघडी होती. मी बघितली. सातही बटणं निघालेली."

"अगं, मी दोनदा..."

"पुरे," ती म्हणाली. "तुमची आई आहे म्हणून मी बाहेर कुठे बोलणार नाही." आणि कूस बदलून झोपली.

त्या दिवसापासून ती मला गॅस बघू देत नाही. मी बघितला की ती पुन्हा बघते. पूर्वी हसायची, आता हसत नाही.

दुसऱ्या दिवशी जीपजवळ गेलो. तार तशीच पिळलेली होती. पण आतल्या बाजूने तिच्यावर ओरखडेच ओरखडे होते. ताजे. चकाकणारे.

मी तडक रोपवाटिकेत गेलो. काका कुंड्यांना पाणी घालत होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "डावी उघडते का? वीतभर?"

मी मान हलवली.

"बस," ते म्हणाले. "ती माझी बायको आहे."

आठ वर्षांपूर्वी दोघं दुपारचे रोपं घेऊन परत येत होते. ती दमून मागच्या सीटवर झोपली. घरी पोचले तेव्हा ती गेली होती. गाल लाल. मागची खिडकी सताड उघडी.

"तिला कोंदट सहन व्हायचं नाही. घरातसुद्धा एक खिडकी वीतभर उघडी ठेवायची. नंतर डावी उघडायला लागली तेव्हा मी ओळखलं. मला सोबत वाटायची रे. विकताना तुला सांगायला हवं होतं. पण तिचा कुणाला त्रास नव्हता."

"आणि मागची? ती कोण उघडतं?"

त्यांच्या हातातली झारी खाली पडली.

"मागची उघडली?"

मी रविवारचं सगळं सांगितलं. चेन, बटणं, तार, आवाज.

"मागची मी लावली होती," ते म्हणाले. "त्या दिवशी. मी स्वतः. पोलिसांना सांगितलं, मुलाला सांगितलं. तो म्हणाला, बाबा, तुम्ही विसरलात, कबूल तरी करा. आठ वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. मग मलाच वाटायला लागलं की विसरलो असेन. ती खिडकी मी शिवून टाकली. विकताना उसवली. कशाला उसवली मी..."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तू लावली होतीस ना? नक्की?"

"नक्की, काका. दोनदा बघितली."

म्हातारा माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं खरं मानलं होतं. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

मी हूड काढून टाकलं आहे. जीप अंगणात नुसत्या दांड्यांवर उभी आहे. विकत नाही. कुणाला विकू, आणि काय सांगून?

आई बरी झाली आणि बहिणीकडे राहायला गेली. फोनवर नीट बोलते. पण महिना झाला, दोन महिने झाले, यायचं नाव नाही. मी बसने तिला आणायला गेलो तेव्हाही नको म्हणाली. बहीण बाहेर गेल्यावर मी सरळच विचारलं.

"आई, तू माझ्यावर रागावलीस का?"

"नाही रे बाळा." तिने माझा हात हातात घेतला. "मी कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाईलाही नाही. तुझी काही चूक नव्हती, तू चांगल्यासाठीच केलंस."

"काय केलं मी?"

"मला गुदमरत होतं. तू मागून आलास, बाहेरून. बटणं काढलीस, चेन उघडलीस. आत वाकून म्हणालास, 'झोप आता, बरं वाटेल.' मग मला झोपच लागली."



"आई... मी गाडी थांबवली होती का?"

ती आठवत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"नाही वाटतं," ती हळूच म्हणाली. "तुझ्या मागे झाडं पळत होती."

आणि तिने माझा हात सोडला.

हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

काकांनाही नाही. ते दर रविवारी फोन करतात. आवाज पूर्वीपेक्षा मोकळा वाटतो. मुलालाही त्यांनी सगळं कळवलंय, तो भेटायला येणार आहे म्हणे. दर वेळी ते विचारतात, "तुझ्या आईला काही आठवलं का रे? कोण होतं ते दिसलं का तिला?"

त्यांच्या बायकोने त्या दुपारी शेवटचा चेहरा कुणाचा बघितला असेल, ते मला माहीत आहे.

मी म्हणतो, "नाही काका. ती झोपली होती."