लाल उतारावरचं ओझं

हल्फा गवत उपटायला बोटं लागतात, तोलायला नजर. उपटायचं काम बायकांचं, तोलायचं माझं. कासरीनच्या डोंगरांवरून उंट भारे घेऊन उतरत, मी ते काट्यावर घेई आणि वेंडेल साहेब ते मालगाडीनं बंदराकडे पाठवी. तिकडे कुठेतरी त्याचा कागद होतो म्हणतात.

वेंडेल अमेरिकन. महायुद्धात, त्रेचाळीसच्या लढाईत तो इथेच लढला होता. दहा वर्षांनी परत येऊन त्यानं ही वखार घातली. आमच्या बोलीत तो झकास शिव्या देई. डोंगरावर मात्र कधी चढला नाही. जखमी पायाचं निमित्त सांगे.

एकोणसाठच्या फेब्रुवारीत एका दुपारी गवत उपटणाऱ्या मनूबियामावशीचा उंट आला तो काट्याकडे वळलाच नाही. सरळ साहेबाच्या ओसरीसमोर जाऊन गुडघे टेकून बसला. मावशीनं काठी मारली, तरी हलेना. थोड्या वेळानं आपणच उठला. भारे मी तोलले, रोजच्याइतकेच भरले.

उंट म्हातारा झालाय, असं मी म्हणालो. मावशी हसली नाही.

"लझहर, माणूस उतरवायचा असला की उंट असा बसतो. माझ्या लग्नात मला उतरवायला याचा बाप असाच बसला होता."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी साहेब ओसरीवरच होता. उंट बसला तसा त्याचा चेहरा पांढरा पडला. गवत कुठून आणतेस, असं त्यानं मावशीला विचारलं. लाल उतारावर, दुभंगलेल्या खडकाखाली खळगा आहे तिथून, ती म्हणाली. तिथलं गवत कमरेएवढं वाढतं. साहेब खांबाला धरून खाली बसला.

त्या दिवसापासून उंट निमूटपणे काट्याकडे येऊ लागला. बदलला तो साहेब. वाकून चालू लागला. खुर्चीत पाठ टेकेना, नुसता काठावर बसे. तो पालथा झोपतो, असं स्वयंपाकीण सांगे. डॉक्टर आला आणि पाठीत काही नाही म्हणून निघून गेला.

आठवड्याभरानं, भर दुपारी, वखारीत कुणी नसताना साहेब काट्यावर येऊन उभा राहिला.

"मला तोल."

माणूस किडकिडीत, सत्तर किलोच्या आतला. काटा एकशे एकतीसवर थांबला. मी त्याला उतरवलं, लोखंडी वजनं ठेवून काटा तपासला, पुन्हा तोललं. एकशे एकतीस.

मग तो बोलला. त्या लढाईत त्याच्याबरोबर कोल नावाचा सैनिक होता, एकोणीस वर्षांचा, दोन्ही पायांना गोळ्या लागलेला. "पाठीवर घेऊन उतरत होतो. मागून गोळीबार वाढला. त्याला खळग्यात ठेवला. म्हटलं, परत येतो तुला घ्यायला."

"म्हणूनच आलात ना, साहेब?"

"गवत घ्यायला आलो, लझहर. सहा वर्षं ओसरीवरून तो उतार नुसता बघतोय." काट्यावरून उतरत तो म्हणाला, "ठेवला तेव्हा जिवंत होता."

वजनं उचलून मी जागेवर ठेवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब घरात नव्हता. स्वयंपाकिणीनं त्याला डोंगराकडे जाताना पाहिलं होतं. हात मागे गुंफलेले, लेकराला पाठुंगळी घेतात तसे. आदल्या दिवशी पावसाची सर येऊन गेली होती. मावशी आणि मी माग काढत चढलो. ओलसर मातीत माझा पाय जेमतेम उमटत होता. साहेबाचे ठसे खोल होते, फार खोल.

खळग्यात ते संपले.

साहेब नव्हता. गवत दबलेलं होतं, एक माणूस आडवा होईल एवढं. मी हाक मारली. खडकावरून माझाच आवाज परत आला.

"इकडे ये," मावशी हळूच म्हणाली.

खळग्याच्या पलीकडच्या अंगानं, जिकडे वस्ती नाही तिकडे, ठसे उतरत गेले होते. साहेबाचे नव्हेत. लहान पायाचे, लष्करी बुटांचे. एकाच माणसाचे.

मावशीनं वाकून त्यातल्या एकात बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. मग मागे वळून तिनं तेच बोट साहेबाच्या ठशात घातलं.

तेवढंच गेलं.