खंडेनवमीची नोंद

"माझ्या लेकीनं चोरी केली म्हणत्यात," मारुतीराव म्हणाले, "आन् ज्या गावात केली म्हणत्यात, त्ये गावच न्हाय."

बेळगावात, टिळकवाडीतल्या सरोजिनी किणेकरांच्या ऑफिसात ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. शेजारी त्यांची मुलगी रचना, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. सरोजिनीबाईंनी वीस वर्षं गाड्यांचे खोटे विमा क्लेम उघडे पाडले होते. आता त्या खासगी तपास करत. सोबतीला चिंतामणी मास्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक. मास्तरांना सगळं कळायचं, फक्त इतरांचा चहा पिऊन झाल्यावर.

"गाव न्हाय म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

रचनानं समजावलं. निपाणीचा युवराज इंटरनेटवर एक खेळ चालवायचा. दीडशे माणसं आपापल्या घरी बसून त्या खोट्या शहरात राहायची. कुणी रिक्षा चालवायचं, कुणी पोलीस व्हायचं. तिथल्या पोलिसांसाठी रचनानं कॅमेरा बनवला होता. समोरून आलेल्या गाडीची नंबरप्लेट तो वाचायचा आणि मालकाचं नाव यादीत टाकायचा. हाच तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट. जोडीदार म्हणून वर्गातल्या ऋग्वेदचं नाव लागलं होतं. काम सगळं हिचं.

"मी मुद्दाम खऱ्यासारखा केलाय, आक्का. प्लेटीला चिखल लागला, काही आडवं आलं, की वाचत न्हाय. यादीत रिकामी ओळ पडते."

"आणि चोरी?"

खंडेनवमीच्या संध्याकाळी खेळातल्या बँकेची तिजोरी किल्लीशिवाय रिकामी झाली. हे पडद्यामागून करता येत होतं, खेळात न शिरताही. पण त्याचे हक्क चौघांकडेच होते. युवराज, खेळातली पोलीसप्रमुख सौम्या, ऋग्वेद आणि रचना. आठवड्यानं ऋग्वेदनं युवराजला यादीतली एक ओळ दाखवली: बँकेसमोर रचनाची गाडी. झालं. तिला खेळातून हाकललं, 'चोर' म्हणून व्हिडिओ फिरवला. आणि कॉलेजनं ठरवलं, उद्याच्या सादरीकरणात प्रोजेक्ट एकट्या ऋग्वेदच्या नावावर.

"यादी तू पाहिलीस?"

"मला दाखवलीच न्हाय."

"त्या दिवशी होतीस कुठं?"

"घरी, खानापूरजवळ. लॅपटॉप पुजेला ठेवला होता, विळ्या-कोयत्याशेजारी. पुजेतलं हत्यार त्या दिवशी चालवत न्हाईत. आईनं हात लावू दिला नसता."

"ह्ये कालेजात सांगितलं तर साहेब हसलं," मारुतीराव म्हणाले. "आमची पूजा त्यास्नी बहाणा वाटली."

सरोजिनीबाई उठल्याच. "मास्तर, गाडी काढा."

निपाणीत युवराजचं मोबाईलचं दुकान होतं. त्यानं यादी उघडली.

"मशीन खोटं बोलत न्हाय, बाई. ही बघा. खंडेनवमी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, बँकेचा कॅमेरा, पुढची प्लेट, मालक रचना."

त्या ओळीच्या वर-खाली रिकाम्या ओळी होत्या. त्यानं त्या भराभर सरकवल्या. सरोजिनीबाईंनी त्याला थांबवून पूर्ण दिवसाची यादी छापून मागितली.

मास्तर भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते. खेळातल्या गाड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीला झेंडूचा हार, थेट बंपर झाकून लोंबणारा. "रंग झकास जमलाय."

युवराज खुलला. "खंडेनवमीलाच सकाळी बसून केला. कुणालाच सांगितलं नव्हतं. दुपारी बाराला सगळ्या गाड्यांना एकदम घातला."

चिकोडीत सौम्या एका वकिलाकडे कामाला होती. ती म्हणाली, "आमच्या पोलीस जीपलाबी हार. शोभतंय व्हय? काढायला गेले तर निघंना. रात्री दहाला सगळ्यांचे आपोआप गेले."

"रचनाला विचारलंस का, काय झालं ते?"

सौम्यानं मान खाली घातली. "यादीत नाव होतं ना."

यादीत नाव होतं. तीन वर्षं रोज बोलणाऱ्या मैत्रिणीपेक्षा एक ओळ मोठी.

ऋग्वेद बेळगावातच, कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटला.

"मी तर बंगळूरला मामांकडे होतो. आठवडाभर खेळ उघडलाच नाही, कुणालाही विचारा. आल्यावर यादी चाळली, तर ही ओळ. वाईट वाटलं, पण पुरावा स्पष्ट आहे."

बाहेर येताच मास्तर म्हणाले, "हा सुटला. हा तिथं नव्हताच."

"म्हणूनच अडकला," सरोजिनीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये विभागप्रमुखांसमोर सगळे जमले. सरोजिनीबाईंनी युवराजला रचनाची गाडी पडद्यावर आणायला लावली, हार घालायला लावला, कॅमेऱ्यासमोर उभी करायला लावली.

यादीत रिकामी ओळ पडली.

"ही छापील यादी घ्या. दुपारी बारा ते रात्री दहा, बँकेसमोरून एकशे सदतीस गाड्या गेल्या. सगळ्यांना हार, कुणाचाच निघत नव्हता. एकशे सदतीस ओळी रिकाम्या. त्यांच्या मधे जादाची एकच ओळ भरलेली, रचनाची. कॅमेऱ्याला जे दिसणं शक्य नव्हतं, ते यादीत कुणीतरी हातानं लिहिलंय."

युवराजचा चेहरा उतरला.

"कुणी? तिजोरीसारखे यादीत लिहायचे हक्कही त्याच चौघांना. हार युवराजनं केला, सौम्यानं ओढून बघितला. दोघांना ठाऊक होतं की प्लेटा झाकल्यात; असली ओळ त्यांनी लिहिली नसती. रचना स्वतःवर आळ कशाला घेईल? उरला तो, ज्यानं हार बघितलेच नव्हते. तिजोरी बंगळूरला बसून रिकामी केलीस, ऋग्वेद, आणि वर-खालच्या ओळी न बघता तिथूनच ही ओळ लिहिलीस. खेळ उघडला नाही, हे तूच सांगितलंस."

ऋग्वेद पुटपुटला, "सादरीकरणात दोघांना प्रश्न विचारले असते तर मला उत्तरं देता आली नसती. ती समोर असती तर कळलंच असतं, काम कुणाचं ते."

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. "बरं, झालं ते झालं. पोराचं वर्ष जायला नको. दोघांचं नाव ठेवू, मिटवून टाका."

आता या माणसाला काय म्हणावं? काल एका ओळीवर पोरीचं वर्ष बुडवायला निघाले होते, तेव्हा दया कुठं गेली होती?

मारुतीराव इतका वेळ दाराशी उभे होते. ते पुढं आले.

"साहेब, माझं उभं भात ह्येनं कापून न्हेलं. वर मलाच चोर म्हणाला. आन् तुमी म्हणताय, निम्मं त्याला दे?"

विभागप्रमुखांनी पेन काढलं आणि ऋग्वेदचं नाव खोडलं. रचनाचं वर लिहिलं. हात जरा जड गेला, पण लिहिलं.

सादरीकरण झाल्यावर युवराज जिन्यात तिची वाट बघत होता.

"चुकलं माझं. व्हिडिओ काढून टाकतो, सगळ्यांसमोर माफी मागतो. खेळात परत ये, रचना. तुझ्याबिगर कॅमेरा कोण बघणार?"

"माफी माग. ती मागायलाच पाहिजे," रचना म्हणाली. "पण मी येणार न्हाय. आठ दिवस मी फोन हातात घेऊन बसले होते, युवराज. तुम्ही दीडशे जण होता. एकानं तरी विचारायचं होतं."

ती वडिलांबरोबर खाली उतरली.