नात्याचा रकाना

‘परिचित’!

कांताताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला... अक्षर तेच! वळणदार, ठाशीव, पालिकेत छत्तीस वर्षं फायली रंगवून रिटायर झालेल्या माणसाचं अक्षर. ‘जवळ राहणाऱ्या नातेवाइकाचे नाव : कांता परब. रुग्णाच्या पतीशी नाते : परिचित.’ आणि हे लिहिणारा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ गंगाधर टेबलापलीकडे अंग चोरून बसला होता, भिंतीवरचं डेंग्यूचं पोस्टर परीक्षेला असल्यासारखं वाचत!

वॉर्ड ऑफिसच्या जिन्याखाली ज्येष्ठांचा हा मदत कक्ष होता. कक्ष कसला, एक टेबल, तीन खुर्च्या आणि मनात येईल तेव्हा फिरणारा पंखा! पण तेवढंसुद्धा कांताताईंच्या ज्येष्ठ नागरिक संघाने वॉर्डच्या साहेबांच्या दारात ठिय्या देऊन मिळवलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा नर्स पाठवा, एवढं साधं मागणं, त्याला बारा वर्षं लागली. पहिला अर्ज ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारून परत आला होता, आणि त्या शेऱ्याखाली सही होती हेडक्लार्क गंगाधर परब यांची! अर्जावर बहिणीचं नाव होतं, पण हेडक्लार्कांनी ते वाचून न वाचल्यासारखं केलं होतं. आता बायकोला, मृणालिनीला, अर्धांगवायू झाला, मुलगा नील कॅनडातून व्हिडिओ कॉलवर ‘टेक केअर बाबा’ म्हणून मोकळा झाला, तेव्हा स्वारी त्याच दारात टोकन घेऊन उभी!

“गंग्या, ह्ये काय लिवलंस?”

“ताई, हळू बोल ना... लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! मी तुझी परिचित? बसस्टॉपवर भेटलेली?”

“तसं नाही गं. जवळ दुसरं कुणी नाही, म्हणून तुझं नाव घातलं. पण तो फॉर्म सहीच्या आधी पेशंटला मोठ्याने वाचून दाखवतात ना...”

दाखवतातच. तो नियम कांताताईंनीच भांडून घालून घेतला होता, कारण आईबापांना न सांगता भलत्याच कागदांवर त्यांचे अंगठे उठवणारी गुणी लेकरं त्यांनी या टेबलावर पुष्कळ पाहिली होती. अर्ज अंथरुणाशी नेऊन अक्षरन् अक्षर वाचायचा, मगच सही.

“मग वाचतील. त्यात काय?”

गंगाधरने मान खाली घातली. “मृणालला माहीत नाहीये... तू माझी बहीण आहेस ते.”

कांताताईंच्या कानात एकदम दडे बसले...

वडील गेले तेव्हा कांता अठरा वर्षांची होती आणि गंगाधर बारा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ सुरू केली. गिरणीच्या तिन्ही पाळ्यांचे पंचवीस जण तिच्या हातचं जेवून जायचे, आणि त्या धुरात डोळे चोळत ती भावाच्या वह्यांना कव्हरं घालायची. गिरणीत साचे चालवणाऱ्या भिवा नावाच्या सरळ मनाच्या कामगाराने मागणी घातली, तेव्हा ‘गंगाधरचं शिक्षण होऊ दे’ म्हणून तिने त्याला थांबवलं, आणि तो बिचारा तरी किती वर्षं थांबणार! गंगाधर ग्रॅज्युएट झाला, पालिकेत चिकटला, आणि त्याला दादरच्या एका शिक्षिकेचं स्थळ सांगून आलं. त्या संध्याकाळी तो बहिणीच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडला होता. ‘ताये, त्यांची अट आहे गो... खानावळवाली नणंद त्यांना नको. मी सांगितलंय, कांताबाई आमच्याकडे जेवण करतात म्हणून...’

आणि ती कबूल झाली! लग्नाचं यजमानपण गावाहून आलेल्या मामा-मामींनी केलं, आणि सख्खी बहीण नव्या नवरीच्या पानात श्रीखंड वाढून, डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच जिरवून, मागच्या दाराने घरी आली. त्यानंतर एकेचाळीस वर्षांत तिने त्याचा उंबरा ओलांडला नाही. तो रिटायर होऊन परळच्या टॉवरात, चालत वीस मिनिटांवर राहायला आला, तरी नाही! पण भावाचा राग तिला कधी धड करताच आला नाही. तो बावळट, बायकोच्या मुठीतला, म्हणून तिने त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं होतं. सगळा तिरस्कार साठवला होता तो त्या दादरच्या मास्तरणीसाठी! आणि मनात मागणं एकच उरलं होतं, कुणापाशी कधी न बोललेलं... मरायच्या आत एकदा तरी त्याने आपल्याला बहीण म्हणावं.

“ठाऊक नाय म्हणजे?” कांताताईंचा आवाज त्यांनाच परका वाटला. “आणि ती अट?”

“अट... कुणी घातलीच नव्हती, ताई. मलाच वाटलं, ते लोक काय म्हणतील... आणि मग एकदा बोलून बसल्यावर...”

अरेरे! एकेचाळीस वर्षं ज्या बाईच्या नावाने त्या बोटं मोडत आल्या, तिला या पापाची गंधवार्ताही नव्हती! आणि हा समोर बसलेला इस्त्रीचा शर्ट, हा सभ्य चेहऱ्याचा भेकड, दोन बायकांना दोन वेगवेगळ्या थापा मारून सुखाने दोन्हीकडचं जेवला होता. कांताताईंना प्रथम रडू आलं, आणि लगेच त्या रडण्याची शिसारी आली. कुणासाठी रडायचं? याच्यासाठी?

“रक्ताचा नातेवाईक लागतो. परिचित चालत नाय,” त्यांनी फॉर्म परत सरकवला. “नियमात बसत नाय.”

“तिला धक्का बसेल गं! तिचं बीपी...”

“बायकोच्या बीपीआड लपू नको, मेल्या. भीती तुला तुझी वाटते. खोडायचं असेल तर खोड, नायतर उठ. मागे लाइन खोळंबलीय.”

गंगाधरने आजूबाजूला पाहिलं. रांगेतल्या म्हाताऱ्या त्याच्याकडे चिखलात पडलेल्या चपलेकडे बघावं तसं बघत होत्या. त्याने पेन काढलं, ‘परिचित’वर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक, कळेल न कळेल अशा अक्षरांत ‘बहीण’ लिहिलं. एवढंसं! जणू शब्दालासुद्धा त्याने जिन्याखाली जागा दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स रुपालीबरोबर कांताताई चौदाव्या मजल्यावर गेल्या. जाताना मनाशी ठरवलं होतं, शब्दन् शब्द खणखणीत वाचायचा, अगदी शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा!

पण पलंगावर पडलेल्या मृणालिनीला पाहिलं, आणि त्यांचं काळीज लक्कन हललं. केसांच्या जटा झालेल्या, गाऊनची बटणं चुकीच्या काजांत घातलेली, ओठ एका बाजूला ओढलेला... हीच ती? हिलाच का आपण आयुष्यभर शाप दिले? देवा रे!

रुपालीने बीपी मोजलं. कांताताई खुर्ची ओढून वाचू लागल्या. नाव, वय, आजार, औषधं... आणि तो रकाना आला. पलंगाच्या पायथ्याशी गंगाधर हात जोडून उभा होता. त्याच्या जोडलेल्या हातांची कांताताईंनी तसूभरही पर्वा केली नाही. पण या पडलेल्या जिवाला, या वयात, या अवस्थेत, आपला नवरा उभा जन्म खोटं बोलत आला हे ऐकवायचं? त्यापेक्षा आपण परिचितच राहिलो तर काय बिघडलं... इतकी वर्षं राहिलोच की! आणि ज्या नियमासाठी त्या वॉर्डच्या साहेबांशी तीन महिने भांडल्या, तो स्वतःच मोडून त्यांनी ती ओळ गाळली, पुढची वाचली.

“का...गद.”

मृणालिनीचा डावा हात वर आला होता. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती; समोरचं मूल कुठे अडखळलं आणि कुठली ओळ गाळून पुढे गेलं, हे तिला डोळे मिटून कळायचं. तिने कागद छातीवर धरला, बोट एकेका ओळीवरून हळूहळू खाली नेलं... आणि बोट थांबलं.

गंगाधरचे जोडलेले हात खाली आले.

“खरं?” तिने नवऱ्याला विचारलं.

“मृणाल, मी तुला सांगणारच होतो...”

एकेचाळीस वर्षं सांगणारच होता! मृणालिनीने त्याच्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, दुःखही नव्हतं. कोऱ्या पेपरावर शून्य देताना असते ना, तशी ती नजर होती. मग तिने मान कांताताईंकडे वळवली, आणि त्या वाकड्या झालेल्या ओठांवरून आसवं ओघळू लागली.

“तुम्ही... श्रीखंड... वाढत होतात... मी तुम्हाला... नमस्कार... सुद्धा...”

“नको गो बाय, नको!” कांताताईंचा बांध फुटला. त्यांनी मृणालिनीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. “चूक माझीच. तुझी अट म्हणाला, मी खरं मानलं! किती वाईट चिंतलं गो तुझं... माफ कर मला!”

दोघी रडत राहिल्या. रुपालीने बीपीचं मशीन उगाचच दुसऱ्यांदा गुंडाळलं. बऱ्याच वेळाने मृणालिनीने डाव्या हाताने, वेडीवाकडी, पण अख्ख्या नावाची सही केली. मग जडावलेली जीभ एकेका अक्षरावर ढकलत ती म्हणाली,

“वन्सं... बसा.”

वन्सं! ही हाक ऐकायला कांताताईंनी पंचाहत्तरी गाठली होती. बहीण म्हणवून घ्यायचं होतं भावाकडून, आणि म्हणालं कोण! त्यांना हुंदका आवरेना. मृणालिनी नवऱ्याकडे न बघता म्हणाली,

“चहा. तुम्ही... करा.”

गंगाधर मुकाट्याने आत गेला. मग स्वयंपाकघरातून एकामागून एक डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येऊ लागले. आयुष्यभर आयतं खाल्लेल्या माणसाला स्वतःच्या घरातली साखर सापडत नव्हती!

“ताई...” आतून केविलवाणी हाक आली. “ताये, जरा येतेस?”

सवयीने कांताताईंचे गुडघे हलले. मृणालिनीने त्यांचं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं. कांताताई उठल्या नाहीत.