ओळ संपली की डावा हात

“साहेब, ही मेल माझी नाही. माझ्या नावानं दुसऱ्याच कुणीतरी पाठवलीय.”

संघमित्रा बिऱ्हाडेनं छापील कागद फौजदार बोरसेंपुढे सरकवला. केळीवरच्या रोगांचं संशोधन करायला कॅनडातल्या एका विद्यापीठानं तिला बोलावलं होतं. आणि तिच्याच ई-मेलवरून त्यांना कळवलं गेलं होतं, मला यायचं नाही. आता ती मेल तिची नव्हती असा पोलिसांचा दाखला शुक्रवारपर्यंत पोचला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आज बुधवार होता.

साल १९९९. ई-मेल हा काय प्रकार असतो, हे जळगावच्या पितांबर बोरसेंना जेमतेम महिन्यापूर्वी कळलेलं. पण चूक कुणाची, हे त्यांना नेहमीच आधी कळायचं.

“पासवर्ड काय होता?”

“आईचं नाव. रुक्माबाई. पण साहेब, मी ते...”

“आईचं नाव! अहो, ते रेशनकार्डावर असतं! दार सताड उघडं टाकायचं आणि चोर आला म्हणून बोंबलायचं!”

शेजारी तिचे वडील बसले होते. निंबाआबा. तीस वर्षं कोर्टाच्या आवारात मराठी आणि इंग्रजी टाइपरायटर घेऊन बसणारे. लेकीचा तक्रारअर्जही त्यांनीच टाइप केला होता.

“मीबी तेच म्हटलं,” आबा खाली बघत म्हणाले. “तूच कुठंतरी चुकली असशील.”

बोरसेंनी डायरीत लिहिलं : अर्जदाराचा निष्काळजीपणा.

मेल अकरा तारखेला दुपारी गेली होती. त्या दिवशी ती धुळ्याला मावशीकडे होती, हे मावशीनं फोनवर सांगितलं. मग जळगावात तिच्या नावानं बसलं कोण? गुरुवारी सकाळी बोरसे गावातले सायबर कॅफे धुंडाळत पिंप्राळ्यातल्या कॅफेत पोचले. मालक निर्मलकुमारनं शोधाशोध केली. तिसऱ्या कॉम्प्युटरवर त्या दुपारी तिचं पान उघडल्याची खूण सापडली.

“कोण बसलं होतं इथं?”

“एक वयस्क गृहस्थ, साहेब. वहीत नाव लिहिलंय मगन. पहिल्यांदाच आले होते.”

“काही लक्षात राहिलं?”

“टाइप करताना बटणांकडे बघतच नव्हते. आणि इतकं जोरात! म्हटलं, नाना, हळू, तुटेल. ओळ संपली की डावा हात उगाच वर जायचा. माशी हाकलत असावेत.”

बोरसेंनी मेलचा कागद पुन्हा काढला. वर कॉम्प्युटरनं छापलेल्या तारखेतले इंग्रजी एक नाकवाले होते. खाली मजकुरात मात्र अकरा तारखेचे दोन्ही एक नुसत्या काठ्या होत्या. त्यांना काल तिचं अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं आणि कानाची पाळी गरम झाली.

बापलेकीला त्यांनी कॅफेतच बोलावलं.

“ताई, काल मी तुम्हाला मध्येच तोडलं. काय सांगत होता?”

“पासवर्ड आईचं नाव होतं, पण इंग्रजीत लिहिलेलं नाही. बटणं इंग्रजी, बोटं मात्र मराठी टाइपरायटरची. रुक्माबाई टाइप करायला बोटं जिथं पडतील, ती अक्षरं. वाचली तर नुसतं कडबोळं.”

“मेल कशी उघडतात, हे कुणाला दाखवलं होतं?”

“आबांना. कॉलेजात. पत्र कसं जातं ते बघायचं होतं त्यांना.”

“पडद्यावर पासवर्डाच्या जागी चांदण्या दिसतात. आबा पडद्याकडे बघत होते?”

तिनं वडिलांकडे पाहिलं. “नाही. बोटांकडे. टाइपिंग त्यांनीच शिकवलंय मला. ते नेहमी बोटांकडेच बघतात.”

बोरसे हळू बोलू लागले. “कडबोळं कुणाला अंदाजानं सापडणार नाही. ते बोटांवरून वाचता आलं फक्त मराठी टायपिस्टला. जुन्या मशिनला इंग्रजी एकचं बटणच नसतं, तिथं स्मॉल एल मारतात. ती सवय कॉम्प्युटरवर सुटली नाही. आणि तो डावा हात माशी हाकलत नव्हता. ओळ संपली की मशिनचा दांडा ढकलायला जात होता.” ते आबांकडे वळले. “आबा, मगन कोण?”

“हेच ते,” निर्मलकुमार पुटपुटला.

आबा घरच्या अहिराणीवर आले. “रुक्मा गयी. तू बी चालनी गयी, ते मना कोन शे, माय?”

रुक्माबाई वारल्यापासून घरात दोघंच होती; ती गेली की आबांचं कुणीच उरणार नव्हतं.

“जाऊ नको म्हणाला असतात, तर भांडले असते मी,” संघमित्रा म्हणाली. “पण तूच चुकली म्हणालात आबा, आणि मला ते खरं वाटलं. दोन दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय.”

बोरसेंनी डायरीतली कालची ओळ खोडली. खाली लिहिलं : अर्जदाराची चूक नाही. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “मीही ऐकून घेतलं नाही. दाखला आत्ता देतो. पण मेल ज्यानं पाठवली त्याचं पत्रही सोबत हवं.”

आबा तिसऱ्या कॉम्प्युटरपुढे बसले. टकटक सुरू झाली. पहिली ओळ संपली, डावा हात वर गेला आणि तिथंच राहिला.

“हे कसं झालं म्हणून लिहू, बेटा?”

संघमित्रा त्यांच्या मागे उभी होती.

“तुमच्या हातून झालं म्हणून लिहा, आबा.”

हात खाली आला. आबांनी तसंच लिहिलं.